अनारशांवरचा कंडेन्सर

भाऊजी,

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी अक्काने तुमची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. "त्यांनी म्हटलं होतं, हे शंकरले देजो. दुसऱ्या कोनाले समजत नाई," एवढंच बोलली आणि आत गेली. पेटीभोवती सुतळी बांधलेली होती. मी सोडायला बसलो आणि गाठीला बोट लागताच थांबलो. ती गाठ तुमची नव्हती. माझी होती.

आमच्या शाळेच्या आवारात तुम्ही बांधलेली संत्र्याची कलमं उभी आहेत, म्हणून हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या मेहुण्यांवर आपल्या अंकासाठी दोन पानं लिहून द्या, गुरुजी." मी जन्मगाव, वय, शिक्षण असं लिहायला घेतलं. शिक्षणापुढे काय लिहावं ते सुचेना. "काही नाही" असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं मी एकदा बोललो तेवढं पुरे आहे. तो कागद फाडला. दोन पानं होतील तेवढी होऊ देत, मी तुमच्याशीच बोलतो. तुम्हाला सांगायची एक गोष्ट सात-आठ महिने माझ्या तोंडाशी येऊन परत जात होती. ती आता चारचौघांदेखत सांगतो, कारण खोटंही चारचौघांदेखतच बोललो होतो.

हा रेडिओचा नाद मुळात कुणी लावला यावर आपण पुष्कळ वाद घातला. तुम्ही म्हणायचात, साळेसाहेबांनी, म्हणजे मी. मी म्हणायचो, तुम्ही. माझं म्हणणं असं, की सुरुवात स्वातंत्र्य आलं त्या दिवशीच झाली होती. सौंसरात एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर रेडिओ लावला होता आणि गाव लोटलं होतं. मी शाळकरी पोर, तुमच्यासोबत तुमच्या बोरगावाहून बैलबंडीत बसून आलो होतो. आपल्याला जागा मिळाली पार मागे. टाळ्या झाल्या की आपणही टाळ्या वाजवायच्या, एवढंच. परतताना तुम्ही म्हणालात, "एवढा मोठा दिवस, शंकर, अन् आपल्याले दिसली काय, त समोरच्याची पाठ. कानात एक अक्षर पडलं नाई."

ते वाक्य मी नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हाही माझ्याबरोबर होतं. वसतिगृहात एका मित्राने खड्याचा रेडिओ करून दाखवला. बॅटरी नाही, वीज नाही, एक खडा, एक तारेची सुई आणि कानाला लावायचे दोन काळे डबे. सुट्टीत मी तो तुमच्याकडे आणला, विहिरीत तार सोडली, दोन झाडांवर दुसरी ताणली आणि हेडफोन तुमच्या डोक्यावर चढवला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत.

"मुंगी बोलून राहिली का, साळेसाहेब?"

"नागपूर आहे, भाऊजी!"

"नागपूर हाये त मंग इतकं हळू काऊन? नागपूरचे लोक त मोठ्यानं बोलतात."

पण तुम्ही तो काढून दिला नाहीत. अक्का जेवायला तीनदा हाक मारून गेली. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "ह्या मुंगीचा मानूस होईन का?" पुढच्या सुट्टीत मी सुट्या भागांचं खोकं घेऊन आलो. एक व्हॉल्व्ह, त्याची बैठक, थोडे रेझिस्टन्स, थोडे कंडेन्सर, तारेचं वेटोळं आणि एक छापील नकाशा. खड्यातून आलेला आवाज वाढवून हेडफोनला देणारं ते यंत्र घरीच जोडायचं होतं.

नकाशाची ती दुपार मला मरेपर्यंत आठवेल. मी तो छपरीत पसरला. तुम्ही हातात घेतला तो उलटा, मी सुलटा करून दिला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, सही करायला शिकलात तीसुद्धा अक्काकडून. पण तुम्ही त्या कागदाकडे असं पाहत राहिलात, जसं वाफ्यातल्या रोपाकडे पाहायचात. मग एकेक ठिकाणी बोट ठेवलंत.

"ह्या खाली मुळ्या. ह्या वर फांद्या. मधात हे खोड. बराबर?"

खाली जमिनीची खूण होती, वर एरियलची आणि मधे व्हॉल्व्ह. चूक कुठे काढावी तेच मला कळेना. "बराबर," मी म्हटलं.

"मंग रस कोठून कोठी जाते तेवढं सांगा. बाकीचं मी पाहून घेतो."

मी सांगितलं. खरोखर बाकीचं तुम्हीच पाहून घेतलंत. संत्र्याच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केलीत. अक्काच्या शेगडीवर सळई तापवून, कथील वितळवून एकेक तार जोडलीत. माझी बोटं भाजायची, तुमची नाही. चाकूच्या टोकाने जंबेरीच्या, त्या आंबट रानलिंबाच्या, खोडाची साल उचलायची, तिच्यात संत्र्याचा इवला डोळा सरकवायचा आणि त्याला जखम होऊ द्यायची नाही, हे ज्या हातांना जमतं, त्यांना तार जोडणं काय अवघड!

तुमच्या कामाची एक शिस्त होती आणि तिच्यावरून आपली खरी भांडणं व्हायची. मला घाई असायची. एकदा दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही वाफ्यांवर गेलेले असताना मी पेटी उघडली आणि पुस्तकात वाचलं होतं त्याप्रमाणे तीन भाग एकदम बदलून टाकले. तुम्ही आलात, हेडफोन लावलात, आणि आत चिडीचूप. मी संध्याकाळपर्यंत घामाघूम होऊन शोधत राहिलो, कुठे चुकलं ते सापडेना.  शेवटी तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "एका झाडाले एका दिवशी तीन डोळे भरले अन् झाड वाळलं, त दोष कोनत्या डोळ्याचा, सांगा बरं, बीएस्सी?"

मग तिन्ही नवे भाग काढून आपण जुने परत लावले आणि नव्यांपैकी फक्त एक बसवला. तुमचा नियम होता: एका वेळी एकच भाग बदलायचा. मग पंधरा दिवस रोज ऐकायचं, पेटीत हात घालायचा नाही. डोळा भरल्यावरही तुम्ही पंधरा दिवस पट्टी सोडायचा नाहीत, तसंच. पंधरा दिवसांनी तो भाग पसंत पडला तर त्याच्या पायाला हळदीत भिजवलेला कापसाचा दोरा बांधायचा. नाही पडला तर काढून डब्यात ठेवायचा, फेकायचा नाही. मी चिडायचो. "भाऊजी, हे यंत्र आहे, झाड नाही! भाग बसवला की त्याच घडीला काय तो निकाल." तुम्ही म्हणायचात, "यंत्राचा निकाल त्याच घडीले लागत असंन. माह्या कानाचा नाई लागत."

अशा रीतीने दोन-तीन वर्षांत मुंगीचा माणूस झाला. लांब तार आली, चांगली बॅटरी आली, हेडफोनला अक्काने जुन्या लुगड्याच्या काठाची गादी शिवली. घरातल्या सगळ्यांना ऐकवायचं असलं की तुम्ही हेडफोन पितळी गंजात, त्या खोल पातेल्यात, ठेवायचात, म्हणजे गंज बोलायला लागायचा. आपण दोघंच असलो तर एक डबा तुमच्या डाव्या कानाला, दुसरा माझ्या उजव्या कानाला. डोक्याला डोकं लागायचं. पोरं हसायची.

तसेच बसून आपण ती बातमी ऐकली. राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि आपलं सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. मी डबा कानावरून काढून टाकला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे आजपासून आपण परराज्यातला रेडिओ ऐकून राहिलो?"

"हसण्यावारी नेऊ नका, भाऊजी. माझ्या नोकरीचे कागद आता भोपाळला जाणार. पोरांना उद्या कोणत्या भाषेत शिकवायचं ते कोण ठरवणार?"

"जंबेरीच्या खोडावर डोळा भरला म्हनून फळ जंबेरीचं येते का? खोड भोपाळचं, फळ आपलं. अन् संत्र्याले त जग नागपुरीच म्हनते."

"उपमा दिल्याने प्रश्न सुटत नाही."

"नाई सुटत. पन जेवन त जाते ना घशाखाली? चाला."

तो वाद आपला संपलाच नाही. मी मोर्चाला गेलो, तुम्ही आला नाहीत, आणि मी तुम्हाला भित्रे म्हटलं. तुम्ही चाकू घेऊन वाफ्यांवर गेलात. त्या दिवसापुरतं मला वाटलं मी जिंकलो. आता इकडे पुन्हा नव्या राज्याची बोलणी कानावर येतात आणि मी वर्गातून घरी येताना तुमच्याशी मनात भांडत येतो. समोरून कुणी उत्तर देत नाही, त्यामुळे जिंकण्यात काही राम राहिला नाही.

माझ्या निकालाची गोष्ट इथे सांगतोच, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. बाबा बाजारात कापूस तोलायचे, त्यांना काट्याची भाषा यायची, कागदाची नाही. ते त्या दिवशी रडले. तुम्ही रडला नाहीत, तुम्ही बोरगावला जाऊन रोपवाटिकेतल्या सगळ्यांत चांगल्या वाफ्याचं नाव बदललंत. तेव्हापासून त्याचं नाव "बीएस्सीचा वाफा". बागाइतदार मागायला लागले, "गणपतभाऊ, आम्हाले बीएस्सीतली कलमं द्या." मला लाज वाटायची आणि आतून इतकं बरं वाटायचं, की आज लिहितानाही वाटून राहिलं आहे. शिक्षणाबद्दल तुमच्या मनात जे होतं ते भक्तीपेक्षा कमी नव्हतं. आणि मी त्याच ठिकाणी घाव घातला.

गेल्या पावसाळ्यात यंत्राचा आवाज बिघडला. मला बिघडलेला वाटत नव्हता, तुम्हाला वाटत होता. "बातम्याच्या बाईनं 'स' म्हटला की चिरते," तुम्ही म्हणालात. "घसा बसल्यावानी." मी ऐकलं, मला काही चिरलेलं ऐकू आलं नाही. तुम्ही पेटी उघडून मेणकागदाच्या कंडेन्सरवर बोट ठेवलंत. "ह्याचं मेन फुटलं. हा पानी प्याला. दोरा मीच बांधला होता ह्याले, उन्हाळ्यात. तवा बरा होता. आता नाई."

मी म्हटलं, पुस्तकात मेणकागदाचा असो की अभ्रकाचा, आकडा एकच असेल तर काम एकच. तुम्ही म्हणालात, आकडा एक असला तरी गुण एक नसतो. मी म्हटलं, हा तुमच्या मनाचा खेळ आहे. बरेच दिवस चाललं. शेवटी अक्का आमच्या पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या जत्रेचं नाव घेऊन ओरडली, "तुमची गोटमार झाली असंन त ताटं वाढू का?"

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. लेकी-जावयाला बोलवून अनारशांचं वाण द्यायचं. पांढुर्ण्याला आमच्याकडे सगळी तयारी होती. मी मुद्दाम नागपूरहून अभ्रकाचा नवा कंडेन्सर आणला, तपकिरी, चौकोनी, चिंचोक्याएवढा. मायने तेहतीस अनारशांचं ताट तुमच्यापुढे ठेवलं तेव्हा मी त्यावर तो ठेवून दिला. सगळे हसले. "बाप्पा! हे वान त खाताही येत नाई," तुम्ही म्हणालात, पण दोन्ही हातांनी उचललात आणि कपाळाला लावलात. निरोप पाठवला होता त्याप्रमाणे पेटी तुम्ही सोबत आणलीच होती. मी म्हटलं, "आज जावयाने हात चालवायचा नाही. मी बसवून आणतो."

जावयाची थट्टा आमच्यात होतेच. साळ्याने जोडे लपवायचे, पानात मिरची घालायची. जेवण झालं की जोडे परत द्यायचे, जावयानेही हसायचं. मला वाटलं, मीही तशीच करतो. आतल्या खोलीत मी सळई तापवली, थोडं कथील जाळलं, बाहेर वास जावा म्हणून. जुना कंडेन्सर होता तसाच ठेवला. नवा सदऱ्याच्या खिशात टाकला. पेटीवर झाकण ठेवून सुतळी बांधली.

इथे गाठीचं सांगायला पाहिजे. तुम्ही नेहमी सुरगाठ मारायचात, कलमाच्या पट्टीला मारतात तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. डोळा धरला की नाही ते पाहताना खोडाला हिसका लागू नये म्हणून. मला ती कधी नीट जमली नाही. मी निरगाठ मारतो, वसतिगृहाच्या दिवसांपासून, ट्रंकेला मारायचो ती.

दिवेलागणीला तुम्ही हेडफोन लावलात. शेजारचे दोघे-तिघे येऊन बसले होते, बाबा खाटेवर होते. तुम्ही डोळे मिटले. आम्ही वाट पाहत होतो. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "हे तेच हाये."

"काय तेच?"

"आवाज. तोच घसा. काई बदललं नाई."

"बदललं आहे, भाऊजी."

"तुमी बदललं?"

"मी बदललं."

तुम्ही पुन्हा ऐकलंत. मान हलवलीत. "नाई, साळेसाहेब. चिरूनच राहिलं."

आणि मी, गळ्यापर्यंत हसू दाबून, सगळ्यांसमोर म्हटलं, "विद्येची शप्पथ!"

ठरवलं होतं असं, की तुम्ही घडीभर गोंधळलात की खिशातून नवा कंडेन्सर काढून दाखवायचा. नवा बसला असं समजूनही तुम्हाला जुनाच आवाज ओळखू आला, म्हणजे तुमचा कान खरा निघाला होता आणि 'मनाचा खेळ' हे माझं म्हणणं खोटं, तेही कबूल करायचं. मी खिशात हात घातला होता, भाऊजी. तेवढ्यात बाबा खाटेवरून म्हणाले, "जवाईबापू, आता राहू द्या. आमच्या घरी विद्या पयल्यांदाच आली. तिची खोटी शप्पथ माहा पोरगा घेईन का?"

माझा हात खिशातच राहिला.

तुम्ही बाबांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. मग हेडफोन काढून डावा कान अंगठ्याने चोळलात. "नाई, नाई, मामाजी. तसं म्हनत नाई मी. मंग माह्या कानातच काई झालं असंन." शेजारी हसले. कुणीतरी म्हणालं, "सासुरवाडीचे अनारसे कानात गेले!" तुम्हीही हसलात. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं, तुम्ही पहाटेच्या मोटारीने गेलात. पत्राने सांगेन म्हटलं, तर पत्र तुम्हाला वाचून दाखवणार अक्का. नागपंचमी गेली, पोळा गेला. भाऊबीजेला बोरगावला आलो तेव्हा नवा कंडेन्सर खिशात होता. पेटी फळीवर होती, सुतळी बांधलेली.

"रेडिओ लावायचा का?" मी म्हटलं.

"कायले आता, साळेसाहेब. कान गेले माहे. तुमचं शास्त्र खरं हाये, मले झाडापुरतं समजते." तुम्ही हसतच म्हणालात. आतून अक्का म्हणाली, "आता मले मोठ्यानं बोलाले लावतात रे. डाव्या कानात लसनाचं तेल घालून राहिली दोन महिन्यांपासून. डॉक्टर म्हनते काई नाई, हे म्हनतात हाये."

मी अक्काच्या हातचं जेवलो, ओवाळून घेतलं आणि पांढुर्ण्याला परतलो. मोटारीत मी स्वतःला सांगितलं की पुढच्या खेपेला. पुढची खेप माघात, मृगाचा बहार उतरून राहिला होता तेव्हा झाली, बोरगावची तार आली म्हणून. तुम्ही बीएस्सीच्या वाफ्यात बसला होतात, चाकू हातात होता आणि छातीत कळ आली, असं लोकांनी सांगितलं.

तुमच्या जाण्याचा आणि माझ्या शपथेचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तेवढं मी शिकलेला आहे. पण शेवटचे सात-आठ महिने तुम्ही स्वतःच्या कानावर विश्वास न ठेवता काढलेत, आणि ते माझ्यामुळे. स्वातंत्र्याच्या दिवशी मागे उभं राहून कानात एक अक्षर पडलं नाही म्हणून ज्या माणसाने हे सगळं उभारलं, त्याच्या कानावरून मी तो हेडफोन काढून घेतला.

म्हणून परवा पेटीची गाठ पाहून मी थांबलो. माझीच निरगाठ, पावसाने आवळून दगड झालेली. दाभण घालून ती सोडवायला मला बराच वेळ लागला. आत जुना कंडेन्सर होता, मेण फुटलेला, पायाला तुमचा पिवळा दोरा. जराशी शंका आली की पेटी उघडणारे तुम्ही. त्या पेटीत प्रत्येक तार तुमच्या हाताची. झाकण एकदा उचललं असतंत तर तो दोरा दिसला असता आणि मी पकडला गेलो असतो. तुम्ही उचललं नाहीत. मी शपथ घेतली होती, तीही विद्येची. त्यानंतर उघडून पाहणं तुम्हाला माझ्यावर, आणि विद्येवर, शंका घेण्यासारखं वाटलं असणार. माझी गाठ तुम्ही आठ महिने तशीच सांभाळलीत.

बाबा छपरीत बसले होते. मी अक्काला बाहेर बोलावलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. खिशातून नवा कंडेन्सर काढून खाटेवर ठेवला. बाबांनी तो उचलून तळहातावर घेतला. म्हणाले, "अन् मीच त्याइले गप्प केलं." अक्का म्हणाली, "म्या त्या कानात तेल घातलं, शंकर. धडधाकट कानात." आणि उठून गेली. मला वाटलं, आता ती माझ्याशी बोलणार नाही.  मग ती शेगडीत निखारे घालून घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली.

"लाव," ती म्हणाली. "आत्ता लाव."

मी सळई तापवली. बोट भाजलं, नेहमीप्रमाणे. जुना काढला, नवा बसवला, फक्त तेवढाच एक. दिवे लागायच्या सुमारास तार जोडली आणि एक डबा अक्काच्या कानाला दिला, तुमचा डावा. दुसरा मी घेतला. नागपूरहून एक बाई बातम्या सांगत होती. भाऊजी, तिचा 'स' चिरत नव्हता. मी, ज्याला कधी काही ऐकू आलं नाही, त्यालाही कळलं. धुतलेल्या काचेतून पाहावं तसा आवाज होता. आकडा तोच आहे, मी दोनदा पाहिला. गुण तो नाही.

अक्काने डोळे मिटले होते, तुम्ही मिटायचात तसे. मग उघडून म्हणाली, "इतकं साफ? हे त्यांनी ऐकलंच नाई का रे?"

"नाही, अक्का."

तिने डबा कानावरून काढला नाही. बातम्या संपेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो, डोक्याला डोकं लावून.

जुना कंडेन्सर तुमच्या डब्यात ठेवला आहे, दोऱ्यासकट. पेटीला सुरगाठ मारली, चौथ्या प्रयत्नात जमली. अक्काने हळदीत भिजवलेला नवा दोरा सुकवून दिला आहे, तो माझ्या खिशात आहे. मी पांढुर्ण्याहून रोज शाळा सुटली की मोटारीने बोरगावला जातो, अक्का आणि मी ऐकतो, आणि पेटीत हात घालत नाही. आज तिसरा दिवस आहे. अजून बारा जायचे आहेत.